डाग आणि उगम : टर्बोचार्जरमधील तेलगळतीच्या निदानाचा इतिहास

१. प्रास्ताविक

म्हसळा हे गाव खाडीच्या टोकाशी वसलेले आहे. जंजिरा संस्थानाच्या काळी मुरूड व श्रीवर्धन यांच्याप्रमाणेच ते त्या संस्थानाचा एक महाल होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर ते कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. खाडीतून मचवे व गलबते येत-जात होती तोवर या गावाचे तोंड समुद्राकडे होते. आज ते रस्त्याकडे वळले आहे. माणगावहून निघालेला रस्ता घोणसे घाट ओलांडून म्हसळ्यास येतो व पुढे श्रीवर्धन आणि दिवेआगर या बाजूंस फुटतो. सुटीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून किनाऱ्याकडे धावणाऱ्या मोटारी याच वाटेने जातात, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या इंजिनास आता टर्बोचार्जर जोडलेला असतो.

अशा एखाद्या वेगवान मोटारीच्या टर्बोचार्जरभोवती तेलाचा ओलावा दिसला, सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, किंवा जळक्या तेलाचा वास येऊ लागला, म्हणजे बहुधा एकच निर्णय दिला जातो : टर्बो गेला. हा निर्णय महाग आहेच. परंतु पुष्कळदा तो निराधारही असतो. नवा टर्बो बसवावा आणि थोड्याच दिवसांत तोही तेल टाकू लागावा, हा अनुभव मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात दुर्मीळ नाही. तेल जेथे दिसते तेथेच दोष असतो असे धरून चालल्यामुळे असे घडते.

प्रस्तुत निबंधात या गळतीच्या निदानाचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे. विषय यंत्रशास्त्राचा असला तरी त्याचा प्रश्न इतिहासाभ्यासकास अपरिचित नाही. उपलब्ध खूण आणि तिचे मूळ यांमधील अंतर कसे ओलांडावे, हाच तो प्रश्न होय.

२. जहाजावरील यंत्र

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत बरीच शक्ती वाया जात असते. त्या वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, आणि अशा रीतीने त्याच आकाराच्या इंजिनाकडून अधिक काम घ्यावे, ही टर्बोचार्जरची मूळ कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने तिचे पेटंट १९०५ मध्ये मागितले. कल्पनेस व्यवहारात उतरण्यास मात्र दोन दशके लागली. १९२५ च्या सुमारास ब्युखीच्या पद्धतीने ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेश्टाट डांझिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांची डिझेल इंजिने सज्ज करण्यात आली, आणि त्यांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत चढली.

दरम्यान पहिल्या महायुद्धात विमानाच्या गरजेने याच यंत्राला दुसरी दिशा मिळाली. उंचावर हवा विरळ होते व इंजिन दुबळे पडते. फ्रान्समध्ये ओग्युस्त रातो याने विमानाच्या इंजिनांवर टर्बोचे प्रयोग केले, तर अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये कोलोराडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर लिबर्टी इंजिन नेऊन आपल्या यंत्राची कसोटी घेतली.

तेलाच्या दृष्टीने मोठ्या जहाजी टर्बोची एक रचना येथे विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधील ब्राउन बोव्हेरी या कारखान्याने १९४० नंतरच्या दशकात आणलेल्या व पुढे जगभर पसरलेल्या व्हीटीआर मालिकेत दांड्याची बेअरिंगे दोन्ही चक्रांच्या बाहेरच्या टोकांस असत, आणि प्रत्येक बेअरिंगास तेलाची स्वतंत्र पेटी असे. पेटीस काचेचा झरोका असे, त्यातून तेलाची पातळी दिसे. पातळी उतरली की तेल त्याच पेटीतून गेले, एवढे तरी निश्चित होई. इंजिनाचे तेल निराळे व टर्बोचे तेल निराळे असल्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी सहसा बसत नसे. कोकणच्या किनाऱ्यावरील ज्या घरांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरीस जात आली, त्यांपैकी इंजिन विभागात राबणाऱ्यांना हा झरोका परिचयाचा होता.

३. एकच तेल, दोन यंत्रे

यंत्र रस्त्यावर आले तेव्हा ही सोय टिकली नाही. स्वित्झर्लंडच्या साउरर कारखान्याने १९३८ मध्ये ट्रकसाठी टर्बोयुक्त डिझेल इंजिन सिद्ध केले. ट्रक व मोटार यांत जागा थोडी. पुढे लहान टर्बोचा जो सर्वमान्य आकार ठरला, त्यात बेअरिंगे दोन्ही चक्रांच्या मध्ये, एकाच लहान पेटीत आली, आणि त्यांना तेल इंजिनाच्याच पंपाकडून मिळू लागले. मोटारीच्या टर्बोचा दांडा मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. पंप हे तेल दाबाने आत पाठवतो. परत जाताना मात्र त्यास कोणताही दाब नसतो. फेसाळलेले तेल केवळ आपल्या वजनाने खालच्या जाड नळीतून इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते.

दांड्याच्या दोन्ही टोकांस, चक्रांच्या पाठीशी, पिस्टनच्या रिंगसारखी बारीक रिंग असते. तिलाच व्यवहारात टर्बोचे सील म्हणतात. या नावामुळेच बराच घोटाळा झालेला आहे. पाण्याच्या नळाच्या वायसरप्रमाणे ही रिंग तेल अडवून धरीत नाही. चक्रांच्या पाठीमागील हवेचा व वायूचा दाब बेअरिंगच्या पेटीतील दाबापेक्षा अधिक असतो म्हणून तेल आत राहते. रिंग त्या समतोलास साहाय्य करते इतकेच. समतोल उलटला तर अगदी नवी रिंगही तेल सोडते. तेव्हा तेल बाहेर आले याचा पहिला अर्थ दाबांचा समतोल ढळला असा होतो. तो का ढळला याचे उत्तर टर्बोबाहेर असणे सहज संभवते.

समतोल ढळण्याची मुख्य कारणे मोजकीच आहेत. पहिले, परतीची नळी तुंबणे, वाकणे किंवा तिला पुरेसा उतार नसणे. दुसरे, इंजिनाच्या चेंबरमधील दाब वाढणे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळता वायू खाली उतरतो, आमचे मिस्त्री त्यास ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि ब्रीदरची नळी चोंदलेली असेल तर तो दाब परतीच्या तेलास वर रेटतो. चेंबरमध्ये तेल प्रमाणाबाहेर भरल्यानेही परतीच्या नळीचे तोंड बुडून असाच अडथळा होतो. तिसरे, हवेचा फिल्टर धुळीने बंद होणे. मग हवेच्या चक्राकडे शोषण निर्माण होऊन तेल ओढले जाते. चौथे, बेअरिंगच प्रत्यक्ष झिजणे. या चारांपैकी केवळ शेवटच्या कारणासाठी टर्बो बदलणे योग्य ठरते.

४. शर्यतीचे मैदान व स्पोर्ट्स कार

हा धडा घडत कसा गेला हे पाहण्यास शर्यतीच्या मोटारी उपयोगी पडतात. १९५२ च्या इंडियानापोलिस शर्यतीत कमिन्स कारखान्याची टर्बोयुक्त डिझेल मोटार फ्रेड ॲगाबाशियन याने सर्वांत वेगवान ठरवून पहिल्या स्थानावरून काढली. २०० फेऱ्यांच्या त्या शर्यतीत सुमारे ७० फेऱ्यांनंतर ती थांबली. टर्बोच्या हवा घेण्याच्या तोंडात धावपट्टीवरील टायरच्या रबराचे कण साचले होते. इंजिन निकोप होते. श्वासच कोंडला होता. टर्बोचे आरोग्य त्याच्या आधीच्या व नंतरच्या मार्गांवर अवलंबून असते, हे यातून दिसून येते.

१९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेर मोन्झा स्पायडर या दोन टर्बोयुक्त मोटारी सामान्य ग्राहकासाठी बाजारात आल्या. जेटफायरला पाणी व मेथेनॉल यांचे एक मिश्रण टाकीत भरावे लागे. ते भरण्याचा मालकांना कंटाळा येई आणि तक्रारी वाढत. पुढे कारखान्याने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली, व अनेकांनी ती स्वीकारली.

कॉर्व्हेरची रचना आपल्या विषयास अधिक जवळची आहे. तिच्यात कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी होता. चालकाने पाय उचलला की कार्ब्युरेटरची झडप मिटे, आणि हवेच्या चक्राभोवती जोराचे शोषण उत्पन्न होई. साध्या रिंगेस ते पेलवणारे नव्हते; म्हणून तेथे कार्बनचे घासून बसणारे सील योजावे लागले. पुढे झडप टर्बोच्या नंतर बसविण्याची पद्धत रूढ झाली आणि साधी रिंग पुरेशी ठरली. यंत्राची मांडणी बदलताच सीलची गरज बदलली, हे ध्यानात घ्यावयास हवे. याच कॉर्व्हेर इंजिनात पुशरॉडच्या नळ्यांवरील रबरी कड्या उष्णतेने कडक होत व तेथूनही तेल पाझरे. ते तप्त भागांवर पडून जळे. एकाच इंजिनात तेलाचे दोन उगम असले म्हणजे डागावरून निर्णय देणे किती धोक्याचे ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

युरोपात बीएमडब्ल्यू २००२ टर्बो १९७३ मध्ये व पोर्श ९११ टर्बो १९७५ मध्ये विक्रीस आली. पोर्शचे इंजिन मागे व टर्बो बराच खाली. तेल आपल्या वजनाने परत जाण्यास तेथे उतारच नव्हता. म्हणून ते ओढून टाकीत नेणारा स्वतंत्र पंप द्यावा लागला. अशा मोटारीत टर्बोकडे तेल दिसल्यास या पंपाची व त्याच्या नळ्यांची तपासणी आधी करणे क्रमप्राप्त आहे.

१९७७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे रेनोची टर्बोयुक्त मोटार फॉर्म्युला वन शर्यतीत प्रथम उतरली. तिची इंजिने वारंवार धूर सोडीत बंद पडत, म्हणून इंग्रज प्रेक्षकांनी तिला ‘पिवळी किटली’ असे नाव ठेवले. धूर सर्वांना दिसत होता. त्याचे कारण शोधण्याचे काम मात्र कार्यशाळेत चालले होते. १९७९ मध्ये दिजों येथे त्याच पंथाच्या मोटारीने फ्रेंच ग्रां प्री जिंकली. १९८० नंतरच्या दशकात बेअरिंगच्या पेटीभोवती पाणी खेळविण्याची रचना मोटारींत प्रचारात आली, आणि इंजिन बंद केल्यावर तेल करपून कोळसा होण्याचा दोष पुष्कळच कमी झाला.

५. महाराष्ट्रातील वाटचाल

कॉर्व्हेर व जेटफायर बाजारात आल्या त्याच १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. इंडियानापोलिसच्या त्या डिझेल मोटारीमागील कारखान्याचे ज्ञान अशा रीतीने कोथरूडला येऊन पोहोचले. १९६६ मध्ये पुण्यातच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. तथापि टर्बोचा परिचय प्रथम झाला तो मोठी डिझेल इंजिने चालविणाऱ्यांना. खाजगी मोटारीत तो सर्रास दिसण्यास शतक सरावे लागले. पुण्याची टाटा सफारी १९९८ मध्ये व नाशिकची महिंद्र स्कॉर्पिओ २००२ मध्ये टर्बोयुक्त डिझेल इंजिन घेऊन आल्या.

स्पोर्ट्स कारचा प्रवाह याहून क्षीण, पण नोंद घेण्यासारखा आहे. गोव्यात सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची उघडी मोटार काढली. तिचे लहान रेनो इंजिन टर्बोविरहित होते. २०१२ च्या दिल्ली येथील वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने अवंती ही मोटार मांडली. तिच्यात आसनांच्या मागे रेनो बनावटीचे दोन लिटरचे टर्बोयुक्त पेट्रोल इंजिन होते. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन पोलोची १.२ लिटरची टर्बो-पेट्रोल आवृत्ती बाहेर पडली. पूर्वी ज्या यंत्राचा संबंध जहाज, ट्रक व शर्यत यांच्याशी होता, ते आता कुटुंबाच्या मोटारीत आले. निदानाचे ज्ञान मात्र त्या वेगाने पसरले नाही.

६. निदानाचा क्रम

इतिहासाने सुचविलेला निदानाचा क्रम असा आहे. प्रथम तेलाची पातळी पाहावी आणि इंजिन कोठे कोठे ओले आहे याची धुण्यापूर्वी नोंद करावी. पाण्याच्या फवाऱ्याने आधीच सर्व धुऊन काढणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. नोंद झाल्यावर भाग स्वच्छ करून कोरडा करावा, संशयित जागी टाल्कम पावडर भुरभुरावी, गाडी थोडी चालवावी व मग ओलाव्याची पहिली रेघ कोठे उमटते ते पाहावे. तेल खाली ओघळते, आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागेही जाते. म्हणून सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा ओला बिंदू हा शोधाचा आरंभ मानावा. वरच्या झाकणाचे पॅकिंग किंवा तेल नेणाऱ्या नळीच्या बोल्टाचे तांब्याचे वायसर गळत असेल, तर त्याचे तेल टर्बोवर साचून टर्बोच दोषी दिसतो.

बाहेरून निर्णय न झाल्यास हवेच्या नळ्या सोडवाव्यात. टर्बोनंतरच्या होज पाइपमध्ये तेलाचा थर दिसला की अनेकजण तेथेच थांबतात. परंतु बहुतेक इंजिनांत ब्रीदरची वाफ टर्बोच्या आधीच हवेत मिसळते. म्हणून टर्बोच्या अलीकडची नळी पाहणे अत्यावश्यक आहे. तीही ओली असेल तर तेल बहुधा ब्रीदरमधून आलेले आहे. अलीकडे कोरडे व पलीकडे ओले असेल तरच संशय टर्बोकडे वळतो. हाच नियम तप्त वायूच्या बाजूस लागू करावा. चक्राच्या आधीचा भाग तेलकट असल्यास तेल इंजिनातून येते. केवळ नंतरचा भाग तेलकट असल्यास ते टर्बोतून येते.

यानंतर चेंबरमधील दाब मोजावा. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून, तिच्यात पाणी भरून व शेजारी पट्टी धरून हे मापन होते. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी ते ताडून पाहावे. मग परतीची नळी काढून तिच्यातील काजळी तपासावी. ती उभ्या रेषेपासून फार कललेली नसावी. ३५ अंशांची मर्यादा या धंद्यात सर्वसाधारणपणे पाळतात. तिच्या पॅकिंगला चिकट सिलिकोन लावू नये, कारण त्याचे तुकडे आत सुटून मार्ग बंद करतात. सर्वांत शेवटी दांडा हलवून पाहावा. आडवा किंचित ‘प्ले’ स्वाभाविक असतो, कारण तेल नसताना तरंगती बेअरिंगे सैल भासतात. मागेपुढे जाणवण्याजोगी हालचाल होत असेल, किंवा चक्राची पाती कवचास घासली असतील, तर मात्र टर्बो निकामी ठरवावा.

७. घाटाची साक्ष

या तपासणीत म्हसळ्यासारख्या गावास भूगोलाचेच साहाय्य आहे. घोणसे घाट चढताना इंजिनावर भार पडतो व चेंबरमधील दाब वाढतो. धूर चढणीवर वाढत असेल तर ब्रीदर व पिस्टनच्या रिंगा आधी तपासाव्यात. उतारावर पाय उचललेला असतो, इंजिनात शोषण वाढते. उतार संपून पुन्हा वेग देताच निळा लोट निघाला तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडकडे जातो. बाजारपेठेत गाडी बराच वेळ उभ्याने चालू ठेवल्यावर धूर दाटत असेल, तर फिल्टर व परतीची नळी पाहावी. उन्हाळ्यातील तांबड्या मातीची धूळ फिल्टर कोंडते, आणि पावसाळ्यात चाकांनी उडविलेले पाणी डाग पुसून वा पसरवून टाकते. म्हणून ऋतूचाही विचार निदानात केला पाहिजे. घाट चढून येताच इंजिन एकदम बंद करणे टाळावे. दांडा फिरतच असतो, तेलाचा पुरवठा थांबतो, तप्त चक्राची उष्णता बेअरिंगात शिरते व तेल करपते. एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवणे हा स्वस्त उपाय आहे.

८. समारोप

प्रश्न केवळ खर्चाचा नाही. पेट्रोल इंजिनाच्या टर्बोत शिरणाऱ्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते. जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत इंधन उडू शकेल अशा जागी २२० अंशांहून तप्त होणारा पृष्ठभाग आच्छादित करणे बंधनकारक आहे, ते आगीच्या भयामुळेच. इंजिन आसनांच्या मागे झाकलेल्या मोटारीत गळती डोळ्यांस दिसत नाही, आणि तप्त कवचावर ठिबकणारे तेल पेट घेऊ शकते. म्हणून चुकीच्या निदानाने भाग बदलला गेला व मूळ दोष तसाच राहिला, तर चालक निर्धास्त होतो आणि धोका जागच्या जागी राहतो. तेल बाहेरून गळताना आढळल्यास कारण सापडेपर्यंत गाडी घाटात न नेणेच शहाणपणाचे.

जहाजी टर्बोच्या पेटीस काचेचा झरोका होता. मोटारीच्या टर्बोस तो नाही. रस्त्यावरील यंत्राने जागा वाचविली आणि त्याची किंमत म्हणून दोष दिसण्याची सोय गमावली. त्या झरोक्याचे काम आता तपासणाऱ्याच्या क्रमबद्ध विचारास करावे लागते. खूण जपावी, तिच्या अलीकडचे व पलीकडचे ताडून पाहावे, आणि सर्वांत जवळच्या वस्तूस सर्वांत शेवटी दोष द्यावा, ही शिस्त दप्तरखान्यातील अभ्यासक पाळतो तशीच ती गॅरेजमधील मिस्त्रीही पाळीत असतो. त्याचे हे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडोतोंडी जाते. मराठीतून त्याची लेखी मांडणी होणे हे यंत्रशास्त्राइतकेच इतिहासाचेही काम आहे.